हळू चाला, खाली सुई आहे

लग्न ठरलं तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की मुलगा सरकारी नोकरीत आहे, स्वभावाने शांत आहे आणि राहायला घर मिळतं. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. फक्त कुणी हे सांगितलं नाही की त्या शांत माणसाबरोबर मलाही जन्मभर शांत राहावं लागेल, आणि घराला लागून तळघरात माझी सवत बसलेली असेल.

सवत म्हणजे यंत्र. भूकंप मोजायचं. आमचे हे भूकंपमापन केंद्रावर निरीक्षक होते. केंद्र म्हटलं म्हणून फार मोठं काही डोळ्यासमोर आणू नका. गावाबाहेर टेकडीवर एक बसकी इमारत, तिच्यात दोन खोल्यांची कचेरी, कचेरीला चिकटून आमचं बिऱ्हाड आणि कचेरीच्या पोटात तळघर. तळघरात जमीन खणून थेट खडकावर बांधलेला सिमेंटचा ओटा होता आणि त्या ओट्यावर ती बया बसलेली असे. तिच्या तारा वर कचेरीत येत. तिथे एक गोल डबा सावकाश फिरायचा, त्याच्यावर कागद गुंडाळलेला आणि त्या कागदावर शाईची सुई रेघ ओढत बसायची. जमीन हलली की रेघ थरथरणार, नाहीतर सरळ जाणार. माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी म्हणजे त्या सरळ रेघेकडे बघत बसणं.

पहिल्याच सकाळी मी चहा घेऊन कचेरीत गेले तर हे ओठांवर बोट ठेवून उभे. मला वाटलं आत कुणीतरी आजारी आहे. हे कुजबुजले, "हळू चाला, खाली सुई आहे." नव्या नवरीशी नवऱ्याचं पहिलं वाक्य हे. तळघरातल्या यंत्रालाही हे सुईच म्हणत. पुढे मला कळलं की दारावरची पाटीही तीच होती, आणि ती यांनी स्वतःच्या हाताने रंगवली होती.

त्या बयेचं म्हणणं असं की ती हलत नाही. खरंच. आत एक जड वजन टांगलेलं असतं. जमीन हलते, भिंती हलतात, ओटा हलतो, पण ते वजन आपल्या जडपणामुळे जागच्या जागी राहतं, आणि त्याच्यावरून कळतं की बाकीचं जग किती हललं. म्हणजे हिच्या लेखी ही स्थिर आणि आपण सगळे डळमळीत. सासरी आल्यावर मला अशी एक बाई आधीच भेटली होती, पण सासूबाईंना निदान जेवायला वाढता तरी येत होतं.

आता हिला भूकंप आणि माणूस यांतला फरक कळत नाही. जमिनीला जे काही धक्के बसतील ते सगळे ती इमानेइतबारे कागदावर चढवणार. त्यामुळे आमच्या घरात कुणी धावायचं नाही, उडी मारायची नाही, खुर्ची ओढायची नाही, उचलून ठेवायची. सासूबाईंच्या काठीला खाली जुन्या टायरच्या तुकड्याचा बूट घातलेला होता. लसूण ठेचायचा तर मी खलबत्ता कडेवर घेऊन कुंपणाच्या पार त्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी जात असे आणि येणारेजाणारे मला बघून हसत. गॅसचं सिलिंडर आणणारा माणूस आधी धप्पकन टाकायचा. यांनी त्याला आत नेऊन कागदावर त्याचा धप्प दाखवला, तेव्हापासून तो बिचारा सिलिंडर असं खाली ठेवी की जणू बाळंतिणीच्या कुशीत मूल ठेवतोय. आमची लेक दोरीवरच्या उड्या शाळेत शिकली. सुट्टीच्या दिवशी ती फाटकाबाहेर जाऊन निष्कारण उड्या मारून यायची आणि मग शहाण्यासारखी घरात चवड्यांवर चालायची.

हे सगळं मी सोसलं असतं. पण मी स्वभावाने तापट. माहेरी माझं भांडण झालं की चार घरांना कळायचं. इथे रागाने दार आपटायची सोय नव्हती. तुम्ही कधी दार न आपटता भांडून बघा. भांडणाचा सगळा जोर दारात असतो. तोंडाने काय वाटेल ते बोलून झालं की शेवटी दार धाडकन लावायचं आणि आत जाऊन रडायचं, तर ते भांडण पूर्ण होतं. मी आपली बोलून घ्यायची, दाराची कडी दोन्ही हातांनी धरून ते हलकेच टेकवायची आणि आत जाऊन रडण्याऐवजी मलाच हसू यायचं. अशाने यांच्यावर राग म्हणून कधी मुरलाच नाही. एकदाच माझा तोल गेला आणि मी पातेलं जमिनीवर आपटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी कालचा कागद काढला, भिंग लावलं, एका बारीक टोकावर पेन्सिल टेकवली आणि अगदी मायेने मला विचारलं, "हे तू का?" मी हो म्हटलं. यांनी त्या टोकाशेजारी पेन्सिलीने लिहिलं, घरगुती.

हा यांचा शब्द. कागदावर जी टोकं भूकंपाची नसत, त्यांच्याशेजारी कारण लिहायची पद्धत होती. ट्रक गेला तर ट्रक, खाणीत सुरुंग उडाला तर सुरुंग, आणि आमच्यापैकी कुणाचा पाय, काठी, भांडं, पडणं, धडपडणं, जे काही असेल ते घरगुती. आमच्या संसाराचा सगळा इतिहास मुख्य कचेरीच्या कपाटात त्या एका शब्दाखाली पडून आहे. लेक पाळण्यातून पडली ते घरगुती, सासूबाई न्हाणीत घसरल्या ते घरगुती.

माणूस मात्र गोड. कुणीही भेटायला आलं की हे त्याला भूकंप समजावून सांगणार, त्याने विचारलं नसलं तरी. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली लाकडी खण होता, पावसाळी हवेने फुगून बसलेला. ओढला तर येत नाही, आणखी ओढला तरी येत नाही, आणि अंगातली सगळी ताकद लावली की एकदम सुटून पोटावर येतो आणि सगळे चमचे खणाणतात. मी कितीदा म्हटलं सुतार बोलवा, हे बोलवत नसत. कारण हा खण म्हणजे यांचा भूकंप. पाहुण्याला सरळ आत आणायचं, माझ्या स्वयंपाकाच्या मधे, आणि म्हणायचं, ओढा. पाहुणा लाजत ओढायचा. मग हे सांगत, जमिनीखाली खडकांचे मोठमोठे तुकडे असेच एकमेकांना चिकटून बसलेले असतात. एक इकडे रेटतोय, दुसरा तिकडे रेटतोय, आणि मधे जी भेग आहे ना, तिथे ते अडकलेत. वर्षानुवर्षं रेटारेटी चालते, वर काही कळत नाही, पण खाली ताण साठतोच आहे. आणि एक दिवस ती भेग सुटते. पाहुणा जोर लावायचा, खण सुटायचा, चमचे वाजायचे. हे म्हणत, चमचे वाजले त्या लाटा. खण हलला इथे आणि आवाज गेला सगळ्या घरभर. पाहुणा खूश होऊन जायचा आणि मी जमिनीवरचे चमचे गोळा करत बसायची.

लाटांचं मला यांनी शिकवलं, पण ध्यानात राहिलं ते माझ्या नणंदांमुळे. मला दोन नणंदा. थोरली यायची ती घाईघाईने, सगळ्यांच्या आधी. दारात येऊन नुसतं पुढे-मागे ढकलल्यासारखं करायची, चल सरक, बस, उठ. नुकसान काही नाही, पण घराला वर्दी मिळायची. धाकटी मागून सावकाश यायची आणि आली की घर उजवीकडून डावीकडे हलवून सोडायची. भूकंपाच्या लाटाही अशाच दोन. पहिली वेगाने येते, खडकाला दाबत आणि सोडत, जराशी ढुशी देते. दुसरी मागून येते, जमीन आडवी घुसळते, आणि भिंती पडतात त्या तिच्यामुळे. दोघी निघतात एकाच क्षणी एकाच ठिकाणाहून. पण जितकं लांबून यायचं तितकं त्यांच्यातलं अंतर वाढत जातं. म्हणून पहिली आल्यावर दुसरी किती वेळाने आली ते मोजलं की भूकंप किती लांब झाला ते कळतं. आणि दुसरीला पातळ पदार्थातून जाता येत नाही. पृथ्वीच्या पोटात वितळलेला रस आहे हे शहाण्या माणसांना कसं कळलं, तर पलीकडच्या बाजूला पहिली पोचली आणि दुसरी पोचलीच नाही. हे मी धाकटीला सांगितलं तर ती म्हणाली, मलाही पोहता येत नाही, त्यात काय.

आमच्या टेकडीपासून बसने गेलं तर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, डोंगराच्या पलीकडे, अशी एक जुनी भेग होती. ती फार वर्षं गप्प होती. यांची सगळी आशा तिच्यावर. जगाच्या दुसऱ्या टोकाचे भूकंप आमच्या सुईवर यायचे, पण ते सगळ्यांच्याच सुईवर यायचे. ही भेग आमच्या वाट्याची. ती कधीतरी हलेल, आणि तेव्हा पहिली लाट, मधलं अंतर, दुसरी लाट, सगळं कसं स्वच्छ, एकही घरगुती डाग नसलेलं आपल्या कागदावर उमटेल, एवढंच या माणसाला आयुष्यात हवं होतं. त्यासाठी हे सराव करत. धक्का जाणवला की निरीक्षकाने काय करायचं, तर जिथे असेल तिथे पुतळ्यासारखं बसून राहायचं. नियमच होता तसा, आणि यांना तो मनापासून पटलेला.

त्यात मुख्य कचेरीतले मोठे साहेब एकदा येऊन गेले आणि म्हणाले, तुमचे कागद फार मळलेले असतात, खालचा रस्ताही रुंद होतोय, असंच राहिलं तर हे केंद्र बंद करावं लागेल. हे दोन दिवस जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवसापासून आमच्या घरात चपलाही बंद झाल्या. सगळ्यांनी पायमोजे घालायचे. सासूबाई म्हणाल्या, मला सरळ अंथरुणाला बांधून ठेव म्हणजे तुझी सुई सुखी होईल. हे गंभीरपणे म्हणाले, नको आई, सोडवताना जास्त हालचाल होईल.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी यांना समोर बसवलं आणि हळू आवाजात, कारण आता रागातही मला हळूच बोलता येत होतं, विचारलं की उद्या ती तुमची भेग खरंच सुटली, तुम्ही कचेरीत आहात, मी स्वयंपाकघरात आहे, तर तुम्ही काय कराल? हा माणूस खोटं बोलू शकत नाही. एखादा म्हणाला असता, वेडी का काय, तुझ्याकडे येईन. हे विचारात पडले. मग म्हणाले, "धावलो तर कागद खराब होईल गं."

मी उठले, कडी दोन्ही हातांनी धरली आणि दार टेकवलं. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही. इतकी वर्षं मी गमतीने सवत सवत म्हणत होते. आता म्हणावंसं वाटेना. पुढे कित्येक आठवडे मी कामापुरतं बोलत होते. चहा कचेरीत न्यायची, ठेवायची, परत यायची. यांना काहीतरी बिघडलंय एवढं कळत होतं, पण काय ते कळत नव्हतं. इतक्या लांबचं ओळखणाऱ्या माणसाला इतक्या जवळचं कळू नये, याला काय म्हणावं.

आणि मग ती दुपार आली. मी स्वयंपाकघरात होते. लेक केस पुसत दारात उभी होती. सासूबाई पलंगावर बसून खिडकीतून कुणाच्या तरी चुका काढत होत्या. हे कचेरीत डब्यासमोर. अचानक फळीवरचे पेले किणकिणले आणि पायाखालून कुणीतरी बोटाने टिचकी मारावी तसं झालं.

मी आणि लेकीने एकमेकींकडे पाहिलं. मी म्हटलं, "पहिली आली."

दुसरी यायच्या आत बाहेर पडायचं, हे आम्हाला ठाऊक होतं. कसं पडायचं तेही आमच्या हाडामांसात मुरलेलं होतं, आणि तिथेच घोटाळा झाला. जगात दुसरं कुठलंही कुटुंब अशा वेळी जीव मुठीत धरून पळालं असतं. आम्ही चवड्यांवर चालायला लागलो. मी सासूबाईंचा डावा हात धरला, लेकीने उजवा. सासूबाईंनी काठी टेकायच्या ऐवजी काखेत मारली, आवाज नको म्हणून. पायमोज्यांमुळे पावलांचा आवाज नाही, तोंडातून शब्द नाही. मागच्या दाराने तिघी अशा बाहेर पडलो की चोर बघून शिकले असते. सगळ्यात शेवटी लेकीने दार हलकेच ओढून घेतलं, सवयीने.

इकडे हे कचेरीत कान टवकारून बसलेले. पहिली लाट स्वच्छ आली होती. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते समोर उमटत होतं. नियम होता, बसून राहा. यांनी पुढे सांगितलं की मी घराचा कानोसा घेतला, आणि तुमचं पाऊल वाजेना. कुणी धावलं नाही, कुणी ओरडलं नाही, दार वाजलं नाही. म्हणजे तुम्ही तिघी आत अडकल्यात.

अंगणात उभं राहून मी त्या इमारतीतून असा आवाज ऐकला जो तिथे कधीच ऐकू आला नव्हता. कुणीतरी धावत होतं. धाड धाड धाड, भारी अंगाने, खुर्ची पाडून. कचेरीतून आमच्या घराकडे. मला कळेपर्यंत हे पुढच्या दाराने आत घुसले होते, मला हाका मारत. मला, हे लक्षात ठेवा. आणि त्याच वेळी दुसरी आली.

अंगण पायाखालून उजवीकडे गेलं आणि डावीकडे आलं. टाकीतलं पाणी काठावरून सांडलं. कौलं घरंगळली. हे आत होते. मी किंचाळले. इतक्या वर्षांत त्या टेकडीवर माझा खरा आवाज पहिल्यांदा निघाला असेल. मी दाराकडे धावले, पण लेक माझा दंड धरून मला आत जाऊ देत नव्हती. सासूबाई भलत्याच मोठ्याने माझ्या लेकाला आणा म्हणत होत्या.

जमीन थांबली. दार उघडलं आणि हे बाहेर आले. डोक्यापासून पायापर्यंत चुन्याने पांढरे, एक पाय लंगडत, आणि हातात चमच्यांचा तो खण. इतकी वर्षं कुणाच्या बापाला सरळ उघडला नव्हता तो आपोआप सुटून यांच्या गुडघ्यावर बसला होता, आणि तो हातात आहे याचं यांना भानही नव्हतं. यांनी आमच्याकडे पाहिलं. तिघी धडधाकट, रांगेत, पायमोज्यांवर उभ्या, सासूबाईंच्या काखेत काठी.

"तुम्ही आवाज का नाही केलात?" यांचा आवाज चिरकला होता.

मी म्हटलं, "सुईला धक्का लागला असता ना."

हे खण मांडीवर घेऊन अंगणात खाली बसले आणि रडायला लागले. मग हसायला लागले. मग दोन्ही. मी शेजारी बसून यांच्या केसांतला चुना झाडत राहिले. मीही रडत होते, पण ते मी यांना तेव्हा कळू दिलं नाही.

गावात काही भिंतींना तडे गेले, कुणाचा जीव गेला नाही. मोठे साहेब दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन आले. आमच्याइतक्या जवळ दुसरी सुई नव्हती. कागद टेबलावर पसरला आणि साहेबांचा चेहरा फुलला. पहिल्या लाटेची सुरुवात अशी लख्ख की सुई आधी वर गेली की खाली ते लहान मुलानेही सांगावं, आणि त्याच्यावरूनच म्हणे कळतं की तिथला खडक आपल्याकडे ढकलला गेला की आपल्यापासून दूर ओढला गेला. दुसरी तर एवढी मोठी की सुई कागद सोडून गेली होती. पण पहिली आणि दुसरीच्या मधे, जिथे नुसती थरथर असायला हवी, तिथे टोकांची एक रांग होती. साहेबांनी भिंग लावलं, कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, हे नेमकं काय? इतकी चांगली नोंद आणि इथे घाण कसली?

मी चहा घेऊन दारात उभी होते. हे खुर्चीत, गुडघ्याला पट्टी. माझ्याकडे एकदा बघितलं, खिशातली पेन्सिल काढली, त्या टोकांच्या रांगेशेजारी लिहिलं आणि म्हणाले, "घरगुती."

साहेब वैतागले. निरीक्षकाने जागा सोडायची नसते हे तुम्हाला माहीत नाही का, वगैरे पुष्कळ बोलले. हे मान खाली घालून ऐकत होते. नियम मोडला हे यांना मान्य होतं, पण माफी मात्र मागितली नाही. शेवटी साहेब हात धुवायला बाहेर गेले तेव्हा मी चहाचा ट्रे ठेवला आणि ते भिंग उचललं.

सुईच्या जवळ पाय पडला की टोक मोठं उमटतं आणि माणूस लांब जाईल तसं लहान होत जातं, हे मला यांनीच कधीतरी शिकवलं होतं. मी पहिलं टोक पाहिलं, ते उंच होतं. दुसरं त्याच्याहून थोडं कमी. मग तिसरं, चौथं. एकही मधे मोठं झालेलं नव्हतं, एकदाही पाऊल वळलं नव्हतं. सगळी टोकं सुईपासून दूर दूर, माझ्या स्वयंपाकघराकडे, लहान लहान होत गेली होती.

मी भिंग ठेवलं, बाहेर आले, आणि आमच्या घराचं दार धाडकन आपटलं. कचेरीतून यांचा आवाज आला, "हे तू का?"

मी म्हटलं, "लिहा."